मेंदूतील गाठ आणि थोपवलेली प्रतिकारशक्ती

भिवपुरी हे नाव मुंबईकरांना लोकलच्या स्थानकामुळे ठाऊक असते. कर्जत-खालापूर भागातील जुन्या व्यापारी कुटुंबांना ते तेथील वीजघरामुळेही परिचित आहे. मावळातील ठोकरवाडी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या नळांतून खाली येते आणि पायथ्याच्या वीजघरातील चक्रे फिरवते. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने उभारलेले हे वीजघर १९२२ मध्ये सुरू झाले. वर धरण भरलेले आहे, खाली यंत्रे सुस्थितीत आहेत. पण मधली झडप बंद असेल तर वीज निर्माण होत नाही. अशा वेळी धरणात आणखी पाणी सोडून काही साधत नाही. झडप कोणी आणि कशी बंद केली, हेच शोधावे लागते.

मेंदूच्या कर्करोगाविषयी अलीकडे झालेल्या संशोधनाचे सार समजून घेण्यासाठी एवढा दाखला पुरेसा आहे. या रुग्णांची रोगप्रतिकारशक्ती खालावलेली असते, हे डॉक्टरांना १९७० च्या दशकापासून माहीत होते. ती का खालावते, याचे उत्तर मात्र हळूहळू मिळत गेले. शरीराचे संरक्षक दल नष्ट झालेले नसते. मेंदूतील गाठ त्याला रोखून धरते, असे हे उत्तर आहे.

हा विषय आपल्या घरांशी निगडित आहे. कुटुंबात असे निदान झाले की पहिले बोल बहुधा रुग्णालाच लागतात. "जेवणाच्या वेळा कधी पाळल्या नाहीत", "दुकानाची दगदग फार केली", "उपवास झेपत नसताना केले, म्हणून प्रतिकारशक्ती गेली आणि रोग शिरला", असे नातलग हळहळून बोलतात. पाठोपाठ प्रतिकारशक्ती वाढविण्याची हमी देणारी चूर्णे, काढे आणि महागडे डबे घरात येऊ लागतात. या रोगात कार्यकारणाचा क्रम बराचसा उलटा आहे, हे कळले तर रुग्णाच्या मनावरचे ओझे हलके होईल आणि कुटुंबाचे लक्ष व पैसा योग्य ठिकाणी लागेल.

सर्व गाठी सारख्या नसतात

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. मेंदूतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मेंदूच्या आवरणातून उद्भवणाऱ्या मेनिंजिओमासारख्या पुष्कळशा गाठी सौम्य असतात आणि शस्त्रक्रियेने बऱ्या होऊ शकतात. या लेखात प्रामुख्याने ज्या गाठीचा विचार केला आहे, ती ग्लिओब्लास्टोमा. मेंदूतील आधारपेशींच्या वर्गातून उद्भवणारी ही प्रौढांमधील सर्वांत आक्रमक गाठ होय. शस्त्रक्रिया, सुमारे सहा आठवड्यांचे किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे औषध, अशी तिची प्रचलित उपचारपद्धती आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाची जोड दिल्यामुळे रुग्णांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर पोहोचले. प्रगती झाली, पण ती किती मर्यादित आहे हेही या आकड्यांवरून दिसते. म्हणूनच शरीराच्या स्वतःच्या संरक्षक दलाला या लढ्यात कसे उतरवता येईल, याचा शोध जगभर चालू आहे.

संरक्षक दलाची रचना

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी नावाचा एक वर्ग आहे. या पेशींचा उगम अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ भागात होतो. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत त्यांचे जणू शिक्षण होते. स्वकीय कोण आणि परके कोण, हे ओळखण्यास त्या तेथे शिकतात. पुढे रक्त, प्लीहा आणि लसीकाग्रंथी यांतून त्या अखंड फिरत राहतात. विषाणूने बाधित झालेली किंवा कर्करोगाने बिघडलेली पेशी आढळली की तिला नष्ट करणे हे त्यांचे काम.

या दलाला लगामही आवश्यक असतो. शत्रू हटल्यानंतरही हल्ला चालू राहिला तर शरीराचे स्वतःचेच अवयव जायबंदी होतील. म्हणून टी पेशींच्या पृष्ठभागावर त्यांना थांबवणारी काही प्रथिने असतात. जपानचे तासुकु होंजो यांनी १९९२ मध्ये त्यांपैकी पीडी-१ हे प्रथिन शोधले. अशा लगामांच्या अभ्यासातून कर्करोगावरील नवी उपचारपद्धती निर्माण झाली आणि त्याबद्दल होंजो व अमेरिकेचे जेम्स अॅलिसन यांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूचे बंद दार

मेंदू हा अतिशय जपलेला अवयव आहे. त्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातील बरेचसे पदार्थ आणि पेशी आत जाऊ शकत नाहीत. यात शहाणपण आहे. कवटीच्या आत जागा मर्यादित असल्यामुळे तेथे सूज आली तर तीच जिवावर बेतू शकते. पीटर मेदावार यांनी १९४८ मध्ये सशांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मेंदूत बसवलेला परक्या त्वचेचा तुकडा शरीर सहसा नाकारत नाही. मात्र त्याच प्रकारची त्वचा आधी शरीरावर अन्यत्र लावून प्रतिकार जागा केला असेल, तर मेंदूतील तुकडाही नाकारला जातो. म्हणजे दार बंद असले तरी पूर्ण कुलूपबंद नव्हते.

यानंतरची अनेक वर्षे मेंदूत लसीकावाहिन्या नाहीत, अशीच समजूत होती. २०१५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठ आणि फिनलंडमधील हेलसिंकी येथील दोन संशोधकगटांनी उंदरांच्या मेंदूच्या आवरणात अशा वाहिन्या असल्याचे स्वतंत्रपणे दाखवून दिले. मेंदूतील वार्ता मानेच्या लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचते, हे त्यातून स्पष्ट झाले. मग प्रश्न असा उरतो की, वार्ता पोहोचत असूनही संरक्षक दल गाठीवर तुटून का पडत नाही?

गाठीच्या परिसरातील डावपेच

उत्तराचा पहिला भाग गाठीच्या अवतीभवती सापडतो. १९८० च्या दशकात झुरिच येथील संशोधकांनी ग्लिओब्लास्टोमाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्या ज्या द्रवात वाढत होत्या, त्यात टी पेशींना निष्प्रभ करणारा पदार्थ मिसळलेला त्यांना आढळला. टीजीएफ-बीटा-२ या नावाने तो पुढे ओळखला गेला. निरोगी शरीरात या वर्गातील पदार्थ जखम भरून येताना दाह आवरण्याचे काम करतात. गाठ त्याच सोयीचा स्वतःच्या बचावासाठी वापर करते.

दुसरा डाव लगामाचा. गाठीतील पेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन मांडतात. ते टी पेशीवरील पीडी-१ ला जाऊन भिडले की टी पेशीला थांबण्याचा हुकूम मिळतो. तिसरा डाव फितुरीचा. गाठीच्या एकूण पेशींमध्ये भक्षक पेशी आणि मेंदूतील मायक्रोग्लिया यांचा वाटा मोठा असतो. काही गाठींत तो एक तृतीयांशापेक्षाही अधिक भरतो. मुळात या पेशी शरीराच्या रक्षक. पण गाठीच्या रसायनांच्या प्रभावाखाली त्या टी पेशींना दडपू लागतात आणि गाठीच्या वाढीस हातभार लावतात. त्यातच प्रतिकार आवरता घेणाऱ्या नियामक टी पेशीही तेथे गोळा होतात. परिणामी जी थोडी लढाऊ दले गाठीपर्यंत पोहोचतात, तीही तेथे लवकर थकून जातात.

सर्व शरीरावर पडणारी छाया

उत्तराचा दुसरा भाग अधिक आश्चर्यकारक आहे. ग्लिओब्लास्टोमा मेंदूबाहेर क्वचितच पसरतो. तरीही त्याचा परिणाम सबंध शरीरातील प्रतिकारव्यवस्थेवर होतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये नेचर मेडिसिन या नियतकालिकात याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणताही उपचार सुरू झालेला नसतानाच अनेक रुग्णांच्या रक्तात टी पेशी फार कमी होत्या. काहींमध्ये तर त्यांच्या एका महत्त्वाच्या प्रकाराची संख्या एड्सच्या रुग्णांत दिसावी इतकी घटली होती. प्लीहाही आक्रसलेली होती. मग या पेशी गेल्या कोठे? त्या सापडल्या अस्थिमज्जेत, आणि तेही मोठ्या संख्येने.

याचे कारणही या गटाने शोधले. अस्थिमज्जेतून रक्तात येण्यासाठी टी पेशीच्या पृष्ठभागावर एस१पी१ हे प्रथिन असावे लागते. व्यापाऱ्यांना समजेल अशा भाषेत सांगायचे, तर हा कारखान्याच्या फाटकावर दाखवायचा गेटपास आहे. माल गोदामात तयार आहे, गाडीही भरली आहे. पण गेटपास नसेल तर ती फाटकातून बाहेर पडत नाही. कवटीच्या आत गाठ वाढू लागली की टी पेशींच्या पृष्ठभागावरचे हे प्रथिन नाहीसे होऊ लागते आणि पेशी आतच अडकतात. विशेष म्हणजे इतर अवयवांच्या कर्करोगाच्या पेशी उंदरांच्या मेंदूत वाढवल्या, तेव्हाही हाच प्रकार घडला. त्याच पेशी शरीरात अन्यत्र वाढवल्या तेव्हा तो घडला नाही. म्हणजे गाठ कोणत्या जातीची आहे यापेक्षा ती कवटीच्या आत आहे, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. एस१पी१ पेशीच्या पृष्ठभागावर टिकून राहील अशी व्यवस्था केल्यावर उंदरांतील टी पेशी बाहेर पडल्या आणि प्रतिकारशक्तीवर आधारित उपचारांचा परिणाम वाढला.

२०२० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी या चित्रात आणखी भर घातली. मेंदूत गाठ असलेल्या उंदरांची थायमस ग्रंथी लहान झाली होती. त्यांच्या रक्तद्रवाने निरोगी टी पेशींची वाढ प्रयोगशाळेत रोखली गेली. असा परिणाम शरीरातील स्टिरॉइड संप्रेरकांमुळे होत असेल, ही शंका साहजिक होती. पण कारणीभूत पदार्थ स्टिरॉइड वर्गातील नसल्याचे त्यांना आढळले. तो पदार्थ नेमका ओळखून निष्प्रभ करता आला, तर रोखलेली झडप उघडण्याची एक वाट मिळेल.

औषधे का कमी पडली

नोबेलप्राप्त संशोधनातून आलेल्या लगाम काढणाऱ्या औषधांनी त्वचेच्या मेलॅनोमासारख्या कर्करोगांत मोठे यश मिळवले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ मध्ये यकृत व मेंदूपर्यंत पसरलेला मेलॅनोमा झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि असे एक औषध यांच्या साहाय्याने ते त्यातून बाहेर आले आणि २०२४ च्या डिसेंबरात, वयाच्या १०० व्या वर्षी निवर्तले. साहजिकच मूळच्या मेंदूच्या कर्करोगातही असेच घडेल, अशी आशा निर्माण झाली. परंतु पुन्हा उद्भवलेल्या ग्लिओब्लास्टोमावर निव्होलुमॅब या औषधाची जी मोठी चाचणी झाली, तिच्या २०२० मधील निष्कर्षांत प्रचलित औषधाच्या तुलनेत रुग्णांचे आयुष्य वाढलेले दिसले नाही.

वरील विवेचनानंतर हे अपयश समजण्यासारखे आहे. मेलॅनोमाच्या पेशींत जनुकीय बदल पुष्कळ असल्याने टी पेशींना त्या ओळखणे सोपे जाते. ग्लिओब्लास्टोमात तसे बदल तुलनेने कमी असतात. शिवाय लगाम सैल करायचा, तर मुळात घोडा मैदानात हवा. तो तबेल्यातच अडकला असेल तर लगाम काढून काय उपयोग? म्हणून आता संशोधक एकाच औषधावर विसंबत नाहीत. पेशींना अस्थिमज्जेतून बाहेर काढणे, गाठीपर्यंत पोहोचवणे आणि तेथे त्यांना थकू न देणे, या तिन्ही गोष्टी एकत्र साधण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

खारघरमध्ये झालेले काम

या वाटेवरचे एक महत्त्वाचे पाऊल आपल्या रायगड जिल्ह्यातच पडले आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे सर दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. भिवपुरीचे वीजघर ज्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात झाले, तेच हे दोराबजी. टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था, अॅक्ट्रेक, आज पनवेल तालुक्यातील खारघर येथे आहे.

पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून भारतातील पहिली स्वदेशी कार-टी उपचारपद्धती विकसित केली. आयआयटीचे प्रा. राहुल पुरवार, टाटाचे डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांचा या कामात प्रमुख सहभाग आहे. या पद्धतीत रुग्णाच्याच रक्तातून टी पेशी काढतात, कर्करोगाची पेशी ओळखेल असे प्रथिन प्रयोगशाळेत त्यांच्यावर बसवतात, त्यांची संख्या वाढवतात आणि त्या रुग्णाच्या शरीरात परत सोडतात. नेक्सकार१९ या नावाच्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा शुभारंभ झाला. परदेशातील अशा उपचारांच्या मानाने याचा खर्च सुमारे एक दशांश आहे.

येथे सावधपणे लक्षात ठेवायचे ते असे : नेक्सकार१९ हा रक्ताच्या व लसीकाग्रंथींच्या विशिष्ट कर्करोगांसाठी आहे, तोही नेहमीचे उपचार निष्फळ ठरल्यानंतर. मेंदूच्या गाठीसाठी तो नाही. या नावाचा उल्लेख करून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. मेंदूच्या गाठीसाठी कार-टीच्या निराळ्या प्रकारांवर परदेशात प्रयोग चालू आहेत. २०२४ मध्ये बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. या पेशी थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडल्यावर काही दिवसांतच तिघांच्याही गाठी लक्षणीय आक्रसल्या. मात्र दोघांमध्ये त्या पुन्हा वाढल्या. मार्ग सापडल्याचे हे चिन्ह आहे; मुक्काम अजून दूर आहे.

घरातील माणसांनी काय करावे

संशोधन पूर्ण होईपर्यंत रुग्ण आपल्या घरातच असणार आहे. त्याची प्रतिकारशक्ती रोगामुळे खालावलेली असते आणि उपचारांमुळे ती आणखी घटते. किरणोपचार व टेमोझोलोमाइड यांमुळे रक्तपेशी कमी होतात. मेंदूची सूज उतरवण्यासाठी दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइडही प्रतिकारशक्ती दाबते. पण सूज वाढली तर जीव धोक्यात येतो, म्हणून ते टाळता येत नाही. ते स्वतःच्या मनाने वाढवू वा कमी करू नये आणि एकाएकी बंद तर मुळीच करू नये. डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने कमी करतात. फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून संरक्षण म्हणून या काळात प्रतिजैविकही दिले जाते, "ताप नाही, मग ही गोळी कशाला?" असे म्हणून ती वगळू नये.

ताप, थंडी वाजून येणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना भेटीपासून नम्रपणे थांबवावे. आपल्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला सारे गणगोत येते. त्यामागे माया असते. पण फोनवरील विचारपूसही तितकीच मायेची असते. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. जपायचे आहे ते रुग्णाला आपल्यापासून.

व्रतनियमांविषयीही मोकळेपणाने बोलणे आवश्यक आहे. चोविहार पाळणाऱ्या रुग्णाने पहिल्याच भेटीत तसे डॉक्टरांना सांगावे. काही औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतात. आकडी रोखणाऱ्या औषधांची मात्रा मात्र चुकता कामा नये. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार ठेवलेले आहेत, याची आठवण घरातील वडीलधाऱ्यांनी रुग्णाला द्यावी आणि मनात शंका उरली तर गुरुमहाराजांना विचारावे. टेमोझोलोमाइडची कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते. जिलेटिन प्राणिजन्य असल्याने काही घरांत ती फोडून आतील पूड देण्याचा विचार होतो. तसे कदापि करू नये. ही पूड हाताला लागणे किंवा श्वासातून जाणे घातक आहे. अडचण डॉक्टरांपुढे मांडावी.

प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल आता वेगळे सांगण्याची गरज नसावी. ज्या पेशी अस्थिमज्जेत अडकल्या आहेत, त्यांना कोणताही काढा गेटपास देऊ शकत नाही. उलट काही चूर्णे औषधांच्या कार्यात अडथळा आणू शकतात. पचेल असा पुरेसा, ताजा सात्त्विक आहार, स्वच्छ पाणी आणि झोप एवढे सांभाळावे. बाकी पैसा तपासण्या, औषधे आणि प्रवास यांसाठी राखून ठेवावा.

शेवटी रोगाच्या आरंभाविषयी. सकाळी उठताच वाढणारी डोकेदुखी व उलटी, प्रौढ वयात प्रथमच आलेली आकडी, एका बाजूचा अशक्तपणा, शब्द न आठवणे किंवा स्वभावात अचानक झालेला बदल, ही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. आयुष्यभर चोपड्यांत चूक न करणारा माणूस बेरजेत वारंवार अडखळू लागला, तर त्याला वयाचे कारण देऊन मोकळे होऊ नये. त्यातून प्रत्येक वेळी गाठच निघेल असे नाही, पण तपासणी व्हायला हवी. पेढीची पत जाईल, मुलांची लग्ने अडतील, या धास्तीने आजार लपवून ठेवणारी घरे आजही आहेत. लपवण्यात जाणारे आठवडे उपचारांतून वजा होतात. रुग्णाने काही चुकीचे केले म्हणून हा रोग होतो, असे विज्ञान सांगत नाही. मग लपवायचे ते काय, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.